आमसुली ठिपका

भाग्यश्रीने जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि सर्किटच्या कार्डावरची काजळी उतरवायला घेतली. घासायचं नाही, नुसतं सरकवायचं. सोनूच्या कानामागचा मळ काढावा तसं. काजळीखाली तांब्याची रेघ शाबूत निघाली. रेघेच्या टोकाला जिथे रेझिस्टन्स असायला हवा, तिथे मात्र तव्यावर विसरलेल्या लसणाच्या पाकळीसारखं काहीतरी काळं उरलं होतं. ब्रश लागताच तेही गळून पडलं, आणि तो किती ओहमचा होता हे सांगणारा आकडाही त्याच्याबरोबर गेला.

मागे मधुसूदन सर उभे होते. भोसरी एमआयडीसीतल्या या दुरुस्तीच्या वर्कशॉपचे ते मालक. टेबलावरचं अॅम्प्लिफायर मॉड्यूल चाकणच्या एका कारखान्यातलं, मशीनच्या मोटरला ताकद पुरवणारं. ते जळाल्यापासून मशीन उभं होतं. बनवणारी कंपनी परदेशातली; तिने सर्किटचा नकाशा द्यायला साफ नकार दिला होता. जुनं टाका, नवं घ्या, याउपर एक अक्षर नाही.

"पाचला त्यांची गाडी येईल," सर म्हणाले. "मोठा ट्रान्झिस्टर आता एकच राहिलाय. तो गेला की आपण हात टेकले म्हणून कळवायचं."

"हो सर."

"जमलं तर उद्यापासून हे टेबल परत तुझं. नाहीतर रजिस्टर आहेच."

रजिस्टर म्हणजे दाराजवळचं टेबल. बाळंतपणाची रजा लांबत लांबत अकरा महिन्यांवर गेली, आणि ती परतली तेव्हा तिच्या जागी ज्योतीराम बसलेला होता. तीन महिने ती आल्यागेल्या मालाची नोंद करत होती. डिप्लोमाला पहिली आलेली मुलगी नुसती 'आवक' आणि 'जावक' लिहायची. घरी सासूबाई, सरूबाई, सोनूला सांभाळायच्या. "पोरीचं मी बघते, तू तुझं बघ," असं त्या रोज सकाळी म्हणत, आणि रोज सकाळी भाग्यश्रीला वाटे, आपलं असं बघायला तिथे आहे काय?

आज होतं. आणि ते कसं मिळालं, हेही तिला ठाऊक होतं.

काल ज्योतीरामने याच मॉड्यूलमध्ये नवा रेझिस्टन्स आणि नवा ट्रान्झिस्टर बसवला होता. भार देऊन दहा मिनिटं होतात न होतात तोच धूर. सर सहसा आवाज चढवत नाहीत, पण काल सगळ्यांदेखत बोलले. डोळे झाकून काम करायचं असेल तर गावाकडे बक्कळ कामं आहेत, असं म्हणाले. ज्योतीराम जालन्याकडचा, तोंडाने तिखट. एरवी त्याने उलट काहीतरी सुनावलं असतं. आज तो कोपऱ्यात जुन्या डब्यातले स्क्रू मापाप्रमाणे वेगळे करत बसला होता.

भाग्यश्रीने मीटर ओढला. नकाशा नसला तरी वाट असते. या मॉड्यूलमध्ये एकासारख्या एक तीन शाखा होत्या, तिळ्या बहिणींसारख्या. पहिली जळाली, तर तिचं माप दुसरीच्या किंवा तिसरीच्या अंगावरून घ्यायचं. तिने दुसऱ्या शाखेचा रेझिस्टन्स एका बाजूने सोडवला आणि मोजला. सत्तेचाळीस. मग तिसऱ्याचा. बावीस.

तिने पुन्हा मोजले. सत्तेचाळीस. बावीस.

दोघींतली एक खोटं बोलत होती.

"ज्योतीराम," तिने मान न वळवता हाक मारली, "काल माप कुठून घेतलंस?"

तो उठून आला. हाताला गंजाचा वास येत होता. "मधल्या शाखेचं घेतलं. सत्तेचाळीस."

"तिसरीचं नाही बघितलंस?"

"बघितलं ना ताई. बावीस दाखवत होता. म्हटलं तो म्हातारा झाला असंल, खरं माप मधल्याचंच." त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाखवलं. "हे बघा की. कंपनीनं पास म्हणून ठिपका मारलेला हाय. बाकीच्या दोघांवर न्हाई."

तिने भिंग ओढून डोळ्यासमोर आणलं.

रेझिस्टन्सच्या कडेला, कार्डावर, मोहरीएवढा ठिपका होता. आमसुली. आजूबाजूचं पारदर्शक वॉर्निश खरवडलेलं होतं आणि डाग गोल, भरीव, जरा जास्तच निगुतीने दिलेला. असा डाग या वर्कशॉपमध्ये एकच माणूस देई.

पूर्वी इथे रीत होती की ज्याने जो पार्ट बदलला त्याने त्याच्या शेजारी आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. पुरुषांनी मार्कर घेतले, भाग्यश्रीने देहूरोडच्या बाजारातली नेलपॉलिशची बाटली आणली. ती रजेवर गेली, जुने दोघं दुसरीकडे गेले, आणि ठिपक्यांच्या जागी छापील स्टिकर आले. ज्योतीराम त्यानंतरचा. सरांची नजर आता इतक्या बारीक कामावर ठरत नसे.

तिला तो दिवस आठवला. आठवा महिना, पाय सुजलेले, खाली गाडी हॉर्न वाजवतेय. बावीसचा रेझिस्टन्स संपलेला. तिने सत्तेचाळीसचा लावला. हलक्या कामाला चालून जाईल, उद्या लिहून ठेवू, बावीसचा आला की मॉड्यूल परत मागवून घेऊ. त्याच रात्री कळा सुरू झाल्या. त्या उद्याला आता चौदा महिने होत आले होते. मधली शाखा तेव्हापासून रेंगाळत, तापत चालली होती, आणि तिच्या वाटचं ओझं पहिलीने ओढलं होतं, जळेपर्यंत.

"काय झालं ताई?"

"काही नाही. स्क्रू झाले का बघ."

तो गेला. साडेतीन वाजले होते. थिनरची बाटली हाताशीच होती. एक थेंब टाकून कापूस फिरवला की ठिपका गेला असता. दोन्ही जागी बावीसचे बसले असते, मॉड्यूल चाललं असतं, टेबल मिळालं असतं. ज्योतीरामला जे बोलणं बसायचं ते कालच बसून गेलं होतं; शिळं झालं होतं. तिने बाटलीचं बूच उघडलं. तो वास नाकात गेला आणि रविवार आठवला. सोनूची नखं रंगवताना पोरीने पाय झाडला होता, आणि अख्ख्या अंगठ्याला आमसुली रंग फासला गेला होता. पुसायला गेली तर रडून आकांत. राहू दे गं, सरूबाई म्हणाल्या होत्या, तिला आवडलंय तर.

भाग्यश्रीने बूच घट्ट लावलं आणि बाटली शेल्फवर, हात पोचणार नाही अशा जागी ठेवली.

मग तिने मान वर केली नाही. मधल्या शाखेतला सत्तेचाळीसचा उपटला, ठिपक्याला धक्का न लावता. दोन्ही शाखांत बावीसचे बसवले. शेवटचा ट्रान्झिस्टर लावला, त्याचे पाय मीटरने एकेक करून मोजले, मग पुन्हा मोजले. वीज दिली. भार चढवला. दहा मिनिटं गेली. तिने तळहात तिन्हींवर आळीपाळीने धरला, सोनूच्या कपाळावर धरते तसा. पंधरा. पंचवीस. तिन्ही सारख्याच कोमट होत्या.

पर्समध्ये रविवारची बाटली तशीच होती. तिने जुन्या ठिपक्याला चिकटून नवा ठिपका दिला, पहिल्या शाखेवर एक दिला, आणि वहीत तिन्ही शाखांचा नकाशा काढायला घेतला.

सर आले तेव्हा मॉड्यूल घुमत होतं. त्यांनी चष्मा वर केला, भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"इथे दोन ठिपके कसले?"

"एक आजचा आहे सर. एक चौदा महिन्यांपूर्वीचा. दोन्ही माझेच." तिने वही पुढे केली. मधल्या शाखेजवळ लिहिलं होतं, 'सत्तेचाळीस चूक. बावीस. भाग्यश्री.' "ज्योतीरामने माझ्या मापावरून माप घेतलं."

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे काल मी त्याला जे बोललो…"

"ते माझ्या वाटचं होतं."

कोपऱ्यातला स्क्रूंचा आवाज थांबला होता. सरांनी वही मिटली, पुन्हा उघडली. टेबलाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. "ज्योतीराम," ते म्हणाले, "ते स्क्रू राहू दे. इकडे ये. हा नकाशा नीट बघून घे." आणि जरा थांबून, "काल जास्त बोललो."

ज्योतीरामने पँटला हात पुसले. "चालतंय सर."

खाली गाडी लागली. भाग्यश्री दाराशी गेली, रजिस्टर उघडून जावक लिहिली. मग मागची पानं उलटत चौदा महिन्यांपूर्वीच्या नोंदीपर्यंत गेली. 'चालू करून दिले', तिचंच अक्षर. त्यापुढे तिने आजची तारीख घातली आणि एक ओळ लिहिली. पर्स खांद्याला लावली.

"ताई," मागून ज्योतीरामचा आवाज आला, "तुमची ती नखाची बाटली राहिली की टेबलावर."

ती चपला घालत होती.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "उद्या लागेल."