राष्ट्रपतींची उरलेली मुदत

माझे वडील मंगळवारी वारले आणि बुधवारी सकाळी त्यांनी तीन विधेयकांवर सह्या केल्या. सह्या चांगल्या आल्या. शेवटच्या वर्षात त्यांचा हात थरथरायचा आणि हरदित्तसिंग या नावाचं शेवटचं अक्षर समासात घरंगळायचं. आता ते ओळीवर नीट बसलं होतं.

मी त्यांना नांदेडला न्यायला आले होते. राष्ट्रपतींचे सचिव रांगणेकर यांनी मला बाहेरच्या दालनात बसवलं, चहा मागवला आणि दुःख व्यक्त केलं. त्या कामात ते तरबेज होते. मान किती कलती ठेवायची आणि ती केव्हा सरळ करायची, हे त्यांना ठाऊक होतं.

"पण निहालताई, साहेबांची मुदत अजून बाकी आहे," मान सरळ करत ते म्हणाले.

"ते वारलेत."

"हो. डॉक्टरांनी तसं सांगितलंय. कामावर परिणाम झालेला नाही."

"राष्ट्रपतींचं निधन झालं की पद रिकामं होतं. हे शाळेत शिकवतात."

"निधन जाहीर झालं की. आणि जाहीर करायचं ते राष्ट्रपतींच्या सहीनं." त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "तसा कागद कुणी त्यांच्यापुढे ठेवलेला नाही. कुणी ठेवेल असंही वाटत नाही. सगळे समाधानी आहेत."

सगळे खरोखरच समाधानी होते. त्या आठवड्यात बापूजींनी दोन राजदूतांची अधिकारपत्रं स्वीकारली. त्यातला एक बाहेर येऊन म्हणाला की इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा राष्ट्रप्रमुख त्याने पाहिला नव्हता. मेजवानीत त्यांच्यापुढची ताटं येत होती तशी परत जात होती, आणि पाहुणे त्यांच्या साधेपणाबद्दल हळू आवाजात बोलत होते. पंतप्रधान भेटून गेले. त्यांनी बापूजींचा हात हातात घेतला, तो थंड लागला, आणि त्यांनी वातानुकूलन थोडं कमी करायला सांगितलं.

मला राग आला नाही. राग येण्यासाठी समोरच्याबद्दल काहीतरी वाटावं लागतं.

आम्ही नांदेडचे शीख. पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीकाठी राहिलो, घरात अर्धी पंजाबी आणि अर्धी मराठी बोललो, आणि भांडलो मात्र पूर्ण मराठीत. बापूजी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, दुरुस्त करायचे. मग नगरपालिकेत निवडून आले. आमच्या गल्लीत नळाला पाणी यावं म्हणून ते मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसले होते आणि पाणी येईपर्यंत उठले नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी काही मिळवलं, असं ते एकदाच. नंतर ते आमदार झाले, मंत्री झाले, एका लहानशा राज्याचे राज्यपाल झाले. प्रत्येक वेळी खुर्ची मोठी होत गेली आणि ते तिच्यात थोडे आणखी मागे सरकून बसू लागले. शेवटी पक्षाला एक माणूस हवा होता. तो फोटोत दुरून ओळखू यावा आणि जवळून ऐकू येऊ नये. पक्षातल्या एका पुढाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की हा एका शूर समाजाचा सन्मान आहे. शूर समाजातल्या माणसाने काय करायचं होतं, तर दिलेल्या जागी सही.

राष्ट्रपती झाल्यावर एकदाच त्यांनी एक विधेयक परत पाठवलं. माणसाला चौकशीशिवाय कितीही दिवस डांबून ठेवता येईल, असं ते विधेयक होतं. त्यांनी वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पुनर्विचारासाठी परत'. त्या दिवशी ते माझ्याशी फोनवर खूप वेळ बोलले, गिरणीतल्या जुन्या गमती सांगितल्या, हसले. मग संसदेने स्वल्पविरामही न बदलता ते पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा आलं की राष्ट्रपतींना सही करावीच लागते. त्यांनी केली. मी त्यानंतर त्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

राष्ट्रपती भवनात राहायला मला एक खोली मिळाली, कारण बापूजींना रोज सकाळी पगडी बांधायला कुणीतरी लागत होतं. मलमलीचा लांब पट्टा दोन टोकांना दोघांनी धरायचा, ताणायचा, आणि दुमडत दुमडत एकमेकांकडे यायचं. आम्ही त्याला पूणी करणं म्हणतो. नांदेडला हे माझं काम होतं. मी डुलक्या घ्यायचे आणि बापूजी ओरडायचे, "धर की नीट! कापड धरलंयस का पतंग?"

आता ते त्यांच्या दफ्तराच्या खोलीत टेबलाशी उभे राहायचे, मी दाराशी. पहिल्या दिवशी कापड बरोबर पुरलं. दुसऱ्या दिवशी टेबल थोडं लांब होतं. प्रत्येक सहीगणिक ती खोली हातभर लांबत होती, आणि सह्या पुष्कळ होत्या. मलमलही खोलीबरोबर लांबत होती, त्यामुळे अडचण कुणालाच नव्हती. गालिचा जोडायला माणसं आली. शिपाई फायली सायकलवरून नेऊ लागले. रांगणेकरांनी मधल्या भिंतीवर दोन जास्तीची घड्याळं लावून घेतली आणि एवढं झाल्यावर खोलीला तोंड देणं संपलं, अशा समाधानाने ते चहाला गेले.

लवकरच बापूजी मला दिसेनासे झाले. फक्त कापडाला पलीकडून ताण यायचा. तो उशिरा यायचा, पण यायचा. मी दुमडत चालू लागायचे, आणि अर्ध्या वाटेवर ते भेटायचे, थंड, नीटनेटके, डोळे समोर. शेवटची घडी माझ्या हातात देऊन ते म्हणायचे, "या प्रसंगी मला अतिशय आनंद होत आहे."

हे एकच वाक्य त्यांच्यात उरलं होतं. चार वर्षांची भाषणं झिजून झिजून तेवढं शिल्लक राहिलं असावं.

"बापूजी, घरी चला," मी म्हणायचे.

"या प्रसंगी मला अतिशय आनंद होत आहे."

मग नांदेडहून माझी आत्या आली. बसंतकौर आत्या बापूजींहून मोठी. शेवटच्या अंघोळीला भावाचे केस धुवायचे म्हणून ती स्टीलच्या डब्यात दही घेऊन आली होती. सोबत नवे कपडे आणि नवा कंगवा, नवं कडं. पहाऱ्यावरच्याने डबा उघडायला लावला तेव्हा ती म्हणाली, "चाखून बघ, विष नाही. पण तुझ्यासाठी आणलेलं बी नाही."

रांगणेकरांनी तिला मुदतीबद्दल समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा बाप मेला तेव्हा त्याला बी हापिसात धाडलं होतं का, साहेब?"

"माझे वडील शिक्षक होते," रांगणेकर म्हणाले.

"मग सुटले बिचारे." ती माझ्याकडे वळली. "आणि तू कामून बसलीस इथं? मढं ताब्यात घ्यायला आलीस का पगड्या दुमडायला?"

"ते देत नाहीत, आत्या."

"आपला दित्ता पुढ्यात येईल त्याच्यावर सही करतो ना?"

"हो."

"मग त्याचं मरण ठेव त्याच्या पुढ्यात. एवढी पुस्तकं वाचलीस, तुला सुचू नाही व्हय?"

मी एका कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली: राष्ट्रपती हरदित्तसिंग यांचं निधन झालं आहे. खाली सहीची जागा सोडली. मग मी दारातून आत गेले आणि चालू लागले. मला कुणी अडवलं नाही. बापूजींपुढे कागद नेणाऱ्याला त्या भवनात अडवण्याची पद्धत नव्हती.

बराच वेळ गालिचा होता. मग गालिच्यावर बारीक वाळू लागली. भिंतींना ओल आली, छत उंच होत गेलं आणि पुढे ते आभाळासारखंच होतं. पाण्याचा वास येऊ लागला. टेबल गोदावरीच्या काठावर होतं. पलीकडे नांदेडचा घाट मला ओळखू आला. बायका कपडे आपटत होत्या. बापूजी नदीकडे पाठ करून बसले होते.

मी कागद पुढे ठेवला. त्यांनी पेन उचललं, आणि मग ते थांबले. त्यांनी तो वाचला. गेल्या चार वर्षांत त्यांना पुढ्यातला कागद वाचताना मी पाहिलं नव्हतं. ओळ एकच होती, पण त्यांनी ती पुन्हा वाचली. वरच्या कोपऱ्यात सावकाश लिहिलं, 'पुनर्विचारासाठी परत', आणि कागद माझ्याकडे सरकवला.

माणसांना डांबणारं विधेयक आणि स्वतःचं मरण, एवढ्या दोनच गोष्टी त्यांना परत पाठवाव्याशा वाटल्या होत्या. पहिलीसाठी मी त्यांना मान दिला असता. दुसऱ्या वेळेला खुर्चीत बसलेला हा थंड म्हातारा मला एखाद्या अनोळखी मंत्र्यासारखा वाटला. सगळं संपल्यावरही त्याला बसून राहायचं होतं.

"तुम्हाला घरी यायचं नाही?" मी विचारलं.

"या प्रसंगी," ते म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. त्यांचा हात टेबलावर होता. मी तो धरला नाही.

मी कागद उचलला, एक अक्षरही बदललं नाही, आणि तोच पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

नियम त्यांना माहीत होता. त्यांनी सही केली. शेवटचं अक्षर ओळीवरून खाली घरंगळलं, समासात गेलं आणि टेबलाच्या कडेशी थांबलं. मग त्यांची मान पुढे आली. मी ती छातीशी धरली. ती जड होती. इतक्या दिवसांत त्यांच्यात पहिल्यांदाच वजन आलं होतं.

आत्या डबा घेऊन मागून पोचली. "पुरुषाला पुरुषांनी अंघोळ घालायची असते," ती म्हणाली. तिने मागे लांबवर दाराकडे पाहिलं. "पण इथं पुरुष कोण आहे?" आम्ही दोघींनी नदीचं पाणी आणलं. तिने दही लावून केस धुतले आणि ती त्यांना शिव्या देत होती, लहानपणच्या, एकेक आठवून. मी बोटांवरची शाई घासत होते. ती निघाली नाही.

आम्ही नवे कपडे घालत होतो तोवर रांगणेकर सायकलवरून आले. मागे मानवंदनेची तुकडी चालत होती.

"पद रिकामं झालं," धापा टाकत ते म्हणाले. "ते रिकामं ठेवता येत नाही. तुमच्यात वडील गेले की मोठ्या मुलाला पगडी बांधतात ना? आम्ही फाईलमध्ये वाचलंय."

"भोगाच्या दिवशी," मी म्हणाले. "अंत्यसंस्कार होतात, मग ग्रंथसाहिबांचा पाठ पूर्ण होतो, मग घरातल्या मोठ्याला पगडी. घराची जबाबदारी म्हणून. पदाची नाही."

"मुलगा नाही, तेव्हा तुम्हीच मोठ्या. आपण ते आधी उरकून घेऊ."

"आधी नसतं ते."

"ताई, समजून घ्या. पद रिकामं असताना चितेला परवानगी कुणाच्या हुकमाने देणार? शिपायांनी खांदा कुणाच्या हुकमाने द्यायचा?"

"आम्ही दोघी उचलू," आत्या म्हणाली. तिने पाय धरले, मी खांदे. बापूजी हलले नाहीत. चार वर्षांचं सगळं वजन एकदम आलं असावं. आणि त्याच वेळी वास सुरू झाला. इतके दिवस थांबलेलं सगळं आता घाईघाईने पूर्ण होत होतं. त्यांच्या गालावरची कातडी माझ्या डोळ्यांदेखत काळवंडली. ओठ मागे सरकले. शिपायांतल्या एकाने तोंड फिरवलं. रांगणेकरांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि मान कलती केली.

"बांधा," मी म्हणाले.

"निहाल, नको," आत्या म्हणाली. "उलटं होतंय हे. पुढ्यात बाप पडलेला असताना पगडी बांधत नाहीत, पोरी."

"त्यांचा चेहरा बघ, आत्या. संध्याकाळपर्यंत चेहरा राहणार नाही."

दोन शिपायांनी मलमल ताणली. त्यांना पूणी येत नव्हती, कापड मध्येच लोंबलं, पण ओरडायला कुणी नव्हतं. रांगणेकरांनी स्वतः माझ्या डोक्याभोवती वेढे दिले. त्यांनी ते फाईलमधल्या आकृतीवरून दिले असावेत. तरी पगडी बसली. ती घट्ट होती आणि कानांवर आल्यामुळे नदीचा आवाज कमी झाला. बायकांचं कपडे आपटणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

शिपायांनी बापूजींना सहज उचललं.

चिता काठावर रचलेली होती. कुणी रचली ते मी विचारलं नाही. घाटावरच्या गुरुद्वाऱ्यातून आलेल्या ज्ञानीजींनी अरदास, शेवटची प्रार्थना, केली. त्यांचे ओठ हलताना पाहून मी मनातल्या मनात ती म्हटली. आत्याने बापूजींच्या छातीवर तूप घातलं आणि पेटता पलिता माझ्या उजव्या हातात दिला. ती काहीतरी बोलली. बहुतेक, आता लाव.

मी चितेकडे वळले तेव्हा तुकडी तिच्यासमोर रांगेत उभी होती. अधिकाऱ्याने हुकूम दिला. बुटांच्या टाचा एकदम जुळल्या, आणि सगळ्या तुकडीने चितेकडे पाठ फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून सलाम ठोकला. तो घेतल्याशिवाय त्यांचे हात खाली येणार नव्हते. आत्या माझी बाही ओढत होती. माझा उजवा हात, पलित्यासकट, कपाळाकडे वर जात होता.