मी ओळखलेल्या दैत्यपेशी

मंगल कार्यालयात लग्नालाही जमत नाही एवढी गर्दी होती आणि सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या टीव्हीकडे वळलेल्या होत्या. टीव्हीवर दैत्य दिसत होते. वाटोळे, फुगलेले, जाड काळ्या कडेचे.

"भक्तांनो, देव दाखवायला तप लागतं," सूक्ष्मानंद महाराज माइकवर म्हणाले. "पण तुमच्या देहातले दैत्य मी एचडीमध्ये दाखवतो!"

टाळ्या पडल्या. महाराजांच्या भगव्या कफनीला खिसा होता आणि खिशात लेझरचा दिवा.

त्यांची पद्धत साधी होती. रुग्णानं वाटीत थुंकायचं. महाराज त्यात स्टीलच्या बाटलीतलं 'दर्शनतीर्थ' ओतून दर्भानं अकरा वेळा घुसळत. थेंब काचपट्टीवर, वर पातळ काच, मग सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेला टीव्ही. दैत्य दिसले की रुग्णाला तांब्याच्या कलशातलं 'निवारणतीर्थ' पाजायचं. पुन्हा थुंकी, या वेळी कलशातल्या पाण्यात. पडदा स्वच्छ! मग रुग्ण आपली औषधं 'औषधत्याग' लिहिलेल्या टोपलीत टाकी.

माझा आकाराममामा त्या रांगेत होता. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यानं माळ्यावर कबुतरं पाळली होती. त्यांच्या वाळल्या विष्ठेतली बुरशी श्वासावाटे फुफ्फुसात गेली आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत. सांगलीच्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं आणि बजावलं, गोळ्या वर्षभर, एकही चुकवायची नाही. चार महिने झाले होते. मामा मळमळीनं वैतागला होता आणि गोळ्या सोडायला निघाला होता. म्हणून मनुबाईमामीनं मला फोन केला होता. "तू शिकलेली हायस. तुझं ऐकतील."

शिकलेली म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि प्रबंध नेमका याच बुरशीवर! ही यीस्टच्या जातीची बुरशी. एरवी तिची पेशी इवलीशी असते, पण फुफ्फुसात गेल्यावर तिच्यातल्या काही पेशी दहापट फुगतात, म्हणजे आपल्या रक्तातल्या रक्षक पेशींना त्या गिळताच येत नाहीत. त्यांना दैत्यपेशी म्हणतात. प्रयोगशाळेत त्या फुगवण्यासाठी मी सहा महिने खपले. एकही फुगली नाही. मी त्या फक्त फोटोत पाहिल्या होत्या.

मामाचा थेंब काचेखाली गेला आणि पडद्यावर त्या आल्या. गोल, भल्यामोठ्या, जाड कवचाच्या. मी कशासाठी आले होते ते विसरले.

"दैत्यपेशी!" मी उभी राहून ओरडले. "खरंच आहेत! याच बुरशीच्या आहेत!"

महाराज क्षणभर दचकले. मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मी तो घेतला, आणि पेशी कशी फुगते यावर पाच मिनिटं बोलले. सूक्ष्मदर्शक किती पट मोठं दाखवतो एवढंही विचारलं नाही.

"ऐकलंत? विज्ञानानं शिक्का मारला!" महाराज गरजले. मामा कलशातलं पाणी प्यायला, पुन्हा थुंकला. पडदा स्वच्छ. मामानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टोपलीत टाकलं.

"मामा, थांब!"

"आता का थांबू? तूच सांगितलंस न्हवं दैत्य हायती म्हणून? गेलं की आता!"

एवढ्यात पुढच्या रुग्णाचे दैत्य पडद्यावर आले. शेजारी बसलेल्या मामीनं मला कोपरखळी मारली.

"पोरी, आगं ह्यो फेस हाय."

"मामी, तुला नाही कळायचं. या पेशी आहेत."

"वीस वरसं गुऱ्हाळात उकळत्या रसाच्या काहिलीवरची फेसाळ मळी काढली मी. फेस कळत न्हाई व्हय मला? त्यो बघ, दोन फुगं एक झालं."

मी पाहिलं. दोन दैत्य एकमेकांना चिकटले आणि त्यांचा एकच दैत्य झाला. तिसरा कडेला सरकला आणि फट्कन नाहीसा झाला. पेशी असं करत नाहीत. हवेचे बुडबुडे करतात. बुडबुड्याला पेशी समजू नका, हे बी.एस्सी.च्या पहिल्या तासाला सांगतात. त्या तासाला मी पहिल्या बाकावर बसले होते.

मी मामीला घेऊन पुढे गेले आणि पुन्हा माइक घेतला. "मघाशी मी चुकले. महाराज, आता कुणाचीच थुंकी घेऊ नका. नुसतं दर्शनतीर्थ घुसळून काचेखाली ठेवा."

"रुग्णाविना दर्शन होत नसतं! तीर्थाचा अपमान..."

तोवर मामीनं बाटली उचलून खसाखसा हलवली होती. झाकण उघडताच फेस तिच्या मनगटावरून ओघळला. तिनं वास घेतला. "आवं, ह्यो तर रिठा! ह्यानं मी लुगडी धुतीया!"

बायका खो खो हसल्या. मी एक थेंब काचेखाली ठेवला. कुणाच्याही थुंकीशिवाय पडदा दैत्यांनी भरला. कलशातलं साधं पाणी ठेवलं; पडदा रिकामा. रिठ्याच्या पाण्यात घुसळलेली हवा टिकते, तिच्या कडेला प्रकाश वळतो आणि काळी जाड कड दिसते. चमत्कार एवढाच. महाराज "आज भक्ती कमी पडली" म्हणत टीव्हीची वायर गुंडाळू लागले.

मामा खाली मान घालून बसला होता. "म्हंजी माझी बुरशी गेली न्हाई?"

"ती या पडद्यावर कधी आलीच नव्हती, मामा. गेली की नाही ते सांगलीचे डॉक्टर तपासून सांगतील. तोवर गोळी."

लोक आपापली औषधं शोधायला टोपलीवर तुटून पडले. मामानं आपलं पाकीट उचललं, पुसलं आणि तिथंच एक गोळी गिळली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुज्या शाळंपरीस हिचं गुऱ्हाळ बरं की गं."

खरं आहे. म्हणून माझी विनंती एवढीच: कुणी यंत्रावर तुमचा रोग दाखवला, तर त्याला सांगा, आधी माझं काहीच त्यात न घालता दाखव. आणि माझ्यासारखं कुणी पदवी घेऊन माइकवर उभं राहिलं, तर त्यालाही तेच सांगा. त्या दिवशी त्या कार्यालयात सगळ्यात जास्त फुगलेली वस्तू टीव्हीवर नव्हती.