आधी आकडा, मग बटण

"वहिनी, बाबांकडे जरा लक्ष दे. हल्ली ते आधी आकडा बोलत नाहीत."

धाकट्या नणंदेने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी लेकीच्या तोंडातून मोज्याचं टोक ओढून काढत होते. म्हटलं, "अगं, वय झालंय त्यांचं. बोलायचा कंटाळा येत असेल."

"बाबांना? आणि आकडा बोलायचा कंटाळा?"

मी हसले आणि विषय बदलला. मनात म्हटलं, लांब बसून काळजी करायला काय जातं! दिवसभर घरात मी असते. काही असतं तर मला दिसलं नसतं का? आणि मला दिसतं, हे मी उगाच म्हणत नाही. मुलगी झाल्यापासून माझे डोळे सारखे भिरभिरत असतात. खिडकीची कडी, बादलीतलं पाणी, टेबलाचा कोपरा, जमिनीवर पडलेलं बटण. नवरा म्हणतो, तुझ्या डोळ्यांना कधी रजाच नसते.

आधी आकडा बोलणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझे सासरे अवजड यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांच्या घरात कॅल्क्युलेटरचं बटण दाबायच्या आधी साधारण उत्तर मोठ्याने सांगायचं, असा कायदाच होता. टाकी किती वेळात भरेल? "पाऊण तास," असं म्हणायचं आणि मग बटणं दाबायची. अंदाज आणि यंत्र यांच्यात फार फरक पडला तर आधी स्वतःला तपासायचं, नंतर यंत्राला. "यंत्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही," असं बाबा म्हणायचे. अंदाज न सांगता कोणी बटणाला हात लावला, की नवरा आणि नणंद लहानपणी एकमेकांच्या हातावर चापट मारायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मीही एक खाल्ली. हळूच होती, पण खाल्ली.

या घरात माणसांपेक्षा कॅल्क्युलेटर जास्त आहेत. नणंद कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिचा आवडता कॅल्क्युलेटर आलेख काढतो आणि विटेएवढा जड आहे. माझा बी.एस्सी.चा, सूर्यप्रकाशावर चालणारा, ढग आले की रुसणारा. नवरा फोनवरच भागवतो आणि त्यावरून रोज बोलणी खातो. "फोनवर कसला कोसाइन काढतोस रे? तो काय स्टेशनवरचा वजनकाटा आहे, ज्याने त्याने उभं राहायला?" बाबांचा मात्र जुना, काळा, बटणांवरचे आकडे झिजलेला. त्यात 'बरोबर'चं बटणच नाही. आधी दोन्ही संख्या द्यायच्या आणि मग काय करायचं ते सांगायचं. परक्या माणसाने हातात घेतला तर दोन अधिक दोनसुद्धा जमत नाही. मला स्वयंपाक येतो का, हे या घरात कोणी विचारलं नव्हतं. त्या काळ्या डब्यावर बेरीज येते का, हे विचारलं होतं. मला आली आणि बाबांनी मुलाला बजावलं, "हिला जप. तुझ्यापेक्षा बरी आहे."

त्या कॅल्क्युलेटरला हात लावायची मुभा कोणालाच नव्हती. म्हणून गेल्या महिन्यात तो आमच्या लेकीच्या, भिंगरीच्या हातात दिसला तेव्हा मला आश्चर्य वाटलं. ती बाबांच्या मांडीवर बसून पटापट बटणं दाबत होती आणि बाबा तिच्याकडे बघत हसत होते. मला भरून आलं. नातीपुढे आजोबांचा कायदा वितळला, असं वाटलं. तरी सवयीने मी तो कॅल्क्युलेटर उलटा केला आणि सेलचं झाकण घट्ट आहे ना ते बघितलं, कारण बटणासारखे ते बारीक सेल मुलांनी गिळले तर आतडी जळतात. झाकण घट्ट होतं. मी निश्चिंत मनाने तो परत तिच्या हातात दिला. पुढची बाजू मी बघितलीच नाही.

निवृत्तीनंतर बाबा क्रेनच्या कामांची गणितं करून द्यायचे. क्रेनचा मालक म्हणजे पैलवान. अंगाने काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. माझा नवरा त्याच्याकडेच साइट सांभाळतो. वजन उचलायचं असलं की क्रेनचा हात किती लांब, किती तिरपा आणि वजन क्रेनपासून किती अंतरावर लटकणार, हे आधी काढावं लागतं. वजन जितकं लांब, तितकी क्रेनची ताकद कमी. मर्यादेच्या बाहेर गेलं की क्रेन वजनाच्या बाजूला आडवी होते. त्या बाजूलाच माणसं दोर धरून उभी असतात.

त्या दिवशी सकाळी एका छापखान्यात मोठं यंत्र वरच्या मजल्यावर चढवायचं होतं. मी टेबलाशी भिंगरीला भात भरवत होते. समोर बाबा, बाजूला त्यांचा काळा डबा. नवऱ्याचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला.

"बाबा, ठरलेल्या जागी क्रेन उभी राहत नाही, खाली गटाराचं झाकण आहे. पलीकडच्या अंगाने लावतोय. हात वीस मीटर, कोन पंचेचाळीस अंश. मधे पत्र्याची शेड आहे, फीत लावून मोजता येत नाहीये. अंतर किती भरतं बघा ना. बाराच्या आत हवं, बारापर्यंतच झेपतं."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बटणं दाबली.

"साडेदहा."

"झालं तर मग!" नवरा म्हणाला आणि फोन बंद झाला.

माझा भाताचा हात तसाच राहिला. मी काही इंजिनिअर नाही. पण पंचेचाळीस अंशाचा कोन! त्याचा साइन घ्या, कोसाइन घ्या, दोन्ही सारखेच, शून्य पूर्णांक सातशे सात. ज्याने गणित घेऊन कॉलेज केलंय त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. वीस गुणिले शून्य पूर्णांक सात. चौदा.

"बाबा, चौदा ना?"

"साडेदहा."

"पंचेचाळीसला शून्य पूर्णांक सात ना? विसाचे चौदा होतात."

"अगं, मी काय मनाने सांगतोय? हे बघ." त्यांनी पुन्हा बटणं दाबली, सराईतपणे, एकही न चुकता, आणि डबा माझ्यापुढे सरकवला. दहा पूर्णांक एकावन्न. आणि वरच्या कोपऱ्यात एक बारीक खूण, कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये असल्याची. कोन मोजायची ही दोन मापं, अंश आणि रेडियन. इंच आणि सेंटीमीटर असतात तशी. भिंगरीने कधीतरी बटण दाबलं होतं. यंत्राने पंचेचाळीस अंशांऐवजी पंचेचाळीस रेडियन धरून उत्तर दिलं होतं.

"बाबा, मोड बघा. रेडियनवर आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, खजील होऊनही नाही. अनोळखी गावात पत्ता विचारणारा माणूस बघतो तसं.

"म्हणजे काय गं?"

मोड चुकणं मी समजू शकत होते. तो तर माझ्याही हातून परीक्षेत चुकला होता. पण रेडियन म्हणजे काय, हे बाबा मला विचारत होते! ज्यांनी मला याच टेबलावर, सातव्या महिन्यात पाय सुजलेले असताना, दोरीने वर्तुळ काढून रेडियन समजावला होता.

नवऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. वजन उचलताना तो फोन खिशातून काढत नाही, हा त्याचाच नियम. पुन्हा लावला. भिंगरी रडायला लागली. मी पैलवानाला लावला.

"वहिनी, आता नको, उचलायला घेतलंय. मागून करतो."

"खाली ठेवा!"

"काय?"

"यंत्र खाली ठेवा. अंतर साडेदहा नाही, चौदा आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

मागे क्रेनच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. पैलवान समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो वहिनी, बाबांनी काढलंय. आत्ताच सांगितलं त्यांनी. बाबांचं गणित आपण तपासायचं का?"

समोर बाबा बसले होते. भिंगरीच्या गालावरचं शीत हळूच टिपत होते आणि माझं बोलणं ऐकत होते. त्यांच्या पुढ्यात हे कसं बोलायचं, मला कळेना. दुसऱ्या खोलीत जावं असं वाटलं. तेवढाही वेळ नव्हता.

"बाबांचं चुकलंय," मी ओरडले. "बाबांना आता जमत नाही. खाली ठेवा, पैलवान, तुमच्या पाया पडते!"

पैलवान कोणावर तरी ओरडला. मग शिट्टी वाजली, लांबलचक. मग इंजिनाचा आवाज बदलला. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. बऱ्याच वेळाने नवऱ्याचा आवाज आला, दम लागलेला.

"ठेवलं. ठेवलं गं. क्रेनचे मागचे पाय सुटले होते जमिनीवरून. मी समोरच उभा होतो, मला वाटलं उन्हात डोळे फसतायत." आणि मग, "तुला कसं कळलं?"

मी फोन टेबलावर ठेवला.

"माझं चुकलं म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा."

"आधी कधी सांगितलं नाहीस."

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आधी कधी चुकलं होतं का.

दुपारी सगळे जमले. नणंद कॉलेजातून तशीच आली, हाताला खडू लागलेला. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगितलं होतं. ती बाबांच्या पायाशी बसली आणि तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, साइन तीस किती हो?" हे तर शाळेतलं, अर्धा. बाबांचा हात काळ्या डब्याकडे गेला. नवरा उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं.

मला वाटलं, आजचा धक्का इथे संपला. पण पैलवान दारात उभा होता. चपला हातात घेऊन, लहान मुलासारखा.

"वहिनी, एक सांगायचं होतं. मागल्या दोन कामांतही आकडे जुळत नव्हते. मी आपली फीत लावून मोजून घेतलं आणि गप्प दुरुस्त केलं. बाबांना कसं सांगणार? मला हे काम त्यांनी शिकवलंय. आज फीत लावता आली नाही, म्हणून."

"आणि मला नाही सांगितलंस?" नवरा मोरीतून बाहेर येत म्हणाला.

"तुला वाईट वाटलं असतं."

"मी समोर उभा होतो रे, पैलवान! क्रेनच्या समोर!"

आणि मग नवऱ्यालाही स्वतःची एक गोष्ट सांगावी लागली. गेले काही आठवडे बाबा त्याला साधे साधे प्रश्न विचारायचे, वर्गमूळ कसं काढायचं वगैरे. ते आपली परीक्षा घेतायत, या समजुतीने तो हौसेने उत्तरं देत होता. बाबांनी कॅल्क्युलेटर नातीला दिलेला मी बघितला होता आणि त्याला माया म्हटलं होतं. म्हणजे आम्हा प्रत्येकाला एकेक तुकडा दिसला होता. प्रत्येकाने तो आदराने झाकून ठेवला होता. शत्रूने केलं नसतं ते आम्ही मायेने करत आलो होतो.

आता डॉक्टरांच्या तपासण्या सुरू आहेत. आजाराला नाव अजून मिळायचंय. बाबा शांत आहेत. कधीकधी आमच्यापेक्षा जास्त. काल मला म्हणाले, "तू ओरडलीस ते बरं केलंस. कोणी ओरडेचना, म्हणून मला वाटायचं सगळं ठीक चाललंय." मी तिथून उठून गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले, ते ओले होते तरी.

हे लिहायचं कारण एवढंच. तुमच्याकडेही असं एक माणूस असेल. घरात, नाहीतर कामावर. ज्याच्या आकड्यावर बाकीचे डोळे मिटून उभे राहतात, ज्याचं कोणी पुन्हा तपासत नाही. फोनवर "कसे आहात" विचारू नका, "मजेत" म्हणतील. समोर जाऊन बसा. त्यांच्याच कामातलं, त्यांना वर्षानुवर्षं पाठ असलेलं काहीतरी विचारा आणि त्यांचा हात कुठे जातो ते बघा. चुकले तर हसून सावरून घेऊ नका. त्यांना सांगा. पण जा. आजच जा.