धाकटीचा मुक्काम

पौषातली सकाळ. कृष्णाकाठावर धुके असे दाट उतरले होते, की नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते, हे पाण्यावरच्या बगळ्यांनाही उमगू नये. फिकट, हिमस्पर्शी उजेड शेवरीच्या उंच झाडांतून झिरपत खाली येत होता. आणि खाली, त्या हरितश्यामल सावलीत, पानवेली दवाच्या भाराने थरथरत उभ्या होत्या.

त्या पानमळ्याचे धनी दाजीबा सूर्यवंशी. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. साठी उलटलेला, सागाच्या खोडासारखा ताठ, शुभ्र मिशीचा, मितभाषी माणूस. त्यांचे शब्द श्रावणातल्या उन्हासारखे: क्वचित पडत, आणि पडले तरी फार टिकत नसत. पत्नी जाऊन वर्षे लोटली होती. एकुलता मुलगा संग्राम दूर आसामात गलाईच्या दुकानात सोनेचांदी वितळवायला होता. घरात उरली सून, सारिका.

सासऱ्याच्या आणि सुनेच्या मध्ये जे होते ते मर्यादेचे, मौनाचे. ओटीवर तात्या खाकरले की सारिका पदर सावरी. आत ताट ठेवल्याचा आवाज झाला की तात्या जेवायला उठत. एवढेच संभाषण. एवढ्यावर घर चालले होते.

आणि मग, वेळेच्या कितीतरी आधी, दोन मुली आल्या.

त्या आल्या त्या उमलण्याआधीच खुडल्या गेलेल्या कळ्यांसारख्या. कातडी इतकी पातळ, की आतल्या निळ्या शिरा दिसाव्यात. बोटे इतकी नाजूक, की धरायला धीर होऊ नये. मिरजेच्या दवाखान्यात काचेच्या उबदार पेटीत त्यांनी जगायचे शिकून घेतले. संग्राम धावत आला, काचेला कपाळ टेकवून उभा राहिला, आणि रजा संपताच परत गेला. सारिकेला माहेरी आई नव्हती. म्हणून पौषाच्या ऐन गारठ्यात त्या दोघी पानमळ्यातल्या या घरी आल्या, एका थकलेल्या आईच्या आणि एका अबोल आजोबाच्या हवाली.

त्यांच्या मागोमाग आली रझिया सिस्टर. अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांची घरी निगा कशी राखायची, हे घरोघरी जाऊन शिकवणारी परिचारिका. स्कूटर लावायची, कोपरापर्यंत हात धुवायची, मग तळवे एकमेकांवर घासून ऊन करायची, आणि त्यानंतरच बाळाला हात लावायची. गार हाताने तिने त्या मुलींना कधी स्पर्श केला नाही.

तिने सारिकेला शिकवले: बाळाला उघड्या छातीवर उभे घ्यायचे, कातडीला कातडी, वरून मऊ कापडाने बांधायचे. दूध काढून वाटी-चमच्याने थेंबाथेंबाने पाजायचे. मध नको, गुटी नको, तेलपाणी नको, पाहुणे तर नकोतच. सारिका सारे करी. पण छाती एक आणि मुली दोन. एकीला घेतले की दुसरी गोधडीत गार पडे. दोघींना एकदम घेतले तर ना घास खाता येई, ना डोळा लागे. जागरणाने तिचे डोळे खोल गेले, दूध ओसरू लागले.

त्या सकाळी सिस्टरने काट्याच्या झोळीत मुलींना तोलले. थोरली जागच्या जागी होती. धाकटी घसरली होती, आणि तिचे पाय बर्फ झाले होते.

"घरात दुसरं कोण आहे, सारिका?"

"मामंजी," सारिका म्हणाली, आणि तिने मान खाली घातली.

सिस्टर तडक मळ्यात गेली. धुक्यात तात्या वेली बांधत होते.

"तात्या, धाकटीला तुमची छाती पाहिजे."

तात्यांना वाटले, ऐकण्यात चूक झाली. "माजी?"

"उघडी, स्वच्छ धुतलेली. जमेल तितका वेळ."

"अवो सिस्टर, मी बाप्या माणूस. सुनंच्या घरात सदरा काढून बसू? गाव काय म्हनंल?"

"बाळाला बाप्या कळत नाही आणि बाई कळत नाही. ऊब कळते. काचेची पेटी दवाखान्यात राहिली, तात्या. घरात पेटी म्हणजे माणूस." ती वळली, आणि थांबून म्हणाली, "आणि तंबाखू आजपासून बंद. कपड्यालासुद्धा वास नको."

तात्यांनी हातातली वेल बांधून पुरी केली. मग त्यांनी कनवटीची चंची सोडली आणि पाटाच्या पाण्यात टाकली. कित्येक वर्षांची ती सोबतीण हलत, डुलत, फिरकी घेत वाहून गेली. तात्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. ते घराकडे निघाले होते.

माजघरात एक डाळिंबी लुगडे आडवे टांगले गेले. पलीकडे थोरलीला घेऊन सून, अलीकडे सासरा. ऊन पाण्याने न्हालेले, नव्या धोतरातले तात्या भिंतीला उशी लावून टेकले, आणि सिस्टरने त्यांच्या छातीवर धाकटीला ठेवले. टोपी, पायमोजे आणि लंगोट, एवढाच तिचा साज. बेडकासारखे दुमडलेले पाय, एका कुशीला वळवलेली मान, आणि कान थेट त्या म्हाताऱ्या काळजावर.

तात्या निश्चल झाले. जणू त्यांच्यावर दवबिंदू ठेवला होता आणि हलले तर तो ओघळणार होता.

"तात्या," सिस्टर हसून म्हणाली, "श्वास घ्या. तुमचं बघून ती घेईल."

त्यांनी श्वास घेतला. छाती उचलली गेली, आणि छातीबरोबर ते इवले अस्तित्व उचलले गेले. छाती खाली आली, आणि तेही खाली आले. पांढऱ्या केसांच्या त्या रानात पाखराएवढी मूठ उघडली, चाचपडली, आणि एक केस घट्ट धरून मिटली. तात्यांना आयुष्यात अनेकांनी धरले होते: कुणी शब्दात, कुणी व्यवहारात, कुणी भांडणात. इतके घट्ट कुणी धरले नव्हते.

मग दिवस आले आणि गेले. सकाळचे कोवळे ऊन खिडकीतून यावे, दुपारी पिवळे व्हावे, संध्याकाळी केशरी होऊन भिंतीवरून उतरावे. आणि तात्या तिथेच, त्याच उशीला टेकून. मळा गड्यांनी सांभाळला. ज्यांच्या हाताशिवाय मळ्यातली वेल खाली उतरवून पुन्हा बांधली जात नसे ते तात्या आता एका टोपीची गाठ सैल झाली का ते पाहत होते.

लुगड्यापलीकडून एकदा हलका आवाज आला. "मामंजी, काय करते धाकटी?"

तात्यांनी खाली पाहिले. विचार केला. "श्वास घेतीया," ते म्हणाले.

पलीकडे सारिका हसली. दवाखान्यातून आल्यापासून ती प्रथमच हसली होती. त्या हसण्याने तात्यांची जीभ सैल झाली. खिडकीतून जे दिसे ते ते सांगू लागले: चिमणी आली, चिमणी गेली, शेजारची म्हैस व्याली वाटतं. साधे, तुटक, निरुपद्रवी शब्द. पण सारिका ते शब्द ऐकत डोळे मिटी आणि बसल्या बसल्या तिला झोप लागे. पोटभर जेवण मिळू लागले तसे दूधही पुन्हा उतरू लागले.

एके दिवशी अंगणात बांगड्यांचा किणकिणाट झाला. तात्यांची थोरली बहीण आक्का तासगावाहून आली होती. बरोबर भाऊबंदांतल्या बायका, पाळण्याचे दोर, कुंचीटोपडी. तिला बारसे करायचे होते. तात्या उठले, शाल पांघरली आणि दारात उभे राहिले.

"आत कुणी यायचं न्हाई, आक्का."

"मी? मी परकी व्हय रं?"

"तू आक्का हायस. पन खोकल्याला नातं कळत न्हाई. पोरी थोराड हुईस्तवर बारसं न्हाई."

आक्काची नजर शालीखालच्या फुगवट्यावर गेली. "आन् ह्ये काय? पोर छातीला बांधून दारात हुबा ऱ्हातोस? मिशीची तरी लाज धर."

ज्या दारातून पाहुणा कधी परतला नव्हता, त्या दारात तात्यांनी शालीचा पदर जरासा बाजूला केला. आत, खोल उबेत, लिंबाएवढे तोंड शांत झोपले होते.

"हिच्याफुडं मिशीचं काय घिऊन बसलीस?" ते म्हणाले.

आक्का पाहत राहिली. मग तिने सगळ्या बायकांना माघारी धाडले, हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि पदराने तोंड बांधून थेट स्वयंपाकघरात शिरली. चुकलं असे ती म्हणाली नाही. संध्याकाळी सारिकेपुढे अळिवाच्या खिरीची वाटी सरकवली, आणि ती राहिली.

आणि मग ती दुपार.

निवांत, निस्तब्ध, पारव्याच्या घुमण्याने भरलेली दुपार. तात्यांच्या छातीवरची ती चिमुकली लय, जिच्या तालावर त्यांचे दिवस चालत होते, एकाएकी थांबली. त्यांनी खाली पाहिले. ओठांभोवती निळसर छाया पसरत होती.

अशा वेळी काय करायचे ते सिस्टरने शिकवले होते. तात्यांनी धाकटीच्या पाठीवरून बोटे जोराने फिरवली. काही नाही. पायमोजा ओढून तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. स्वयंपाकघराच्या दारात आक्का पळी धरून थिजली. "ए बाये," तात्यांचा घोगरा, फाटलेला आवाज, "ए माजे बाये, घे. घे की!" पुन्हा टिचकी, पुन्हा पाठ.

आणि धाकटीने श्वास घेतला. घेतला, आणि रागाने, हक्काने, टाहो फोडून रडली.

त्या रडण्याने जागी होऊन पलीकडून सारिका धावली. तिच्या हाताला लागून डाळिंबी लुगडे खाली आले. समोर उघड्या छातीचे तात्या, त्यांच्या गालांवरून मिशीत उतरणारे पाणी. सारिकेने पदर सावरला नाही. ती त्यांच्याजवळ बसली, आणि धाकटीच्या पाठीवरच्या त्यांच्या हातावर तिने आपला हात ठेवला. ते लुगडे पुन्हा कुणी टांगले नाही.

सारिकेने सिस्टरला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," सिस्टर म्हणाली, "आणि छातीवरून उतरवू नका." थोरलीला आक्कापाशी ठेवून शेजाऱ्याच्या जीपने सासरा-सून मिरजेला निघाले. तात्यांची नजर वाटभर त्या ओठांवरून हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासले, औषध सुरू केले. "वेळेआधीच्या बाळांचा श्वास असा अडखळतो," त्या म्हणाल्या, "थोडे दिवस इथेच लक्ष ठेवू. पण आजोबा, तुम्ही तिला जागं केलंत आणि ऊबदार आणलंत. आमचं अर्धं काम झालं होतं."

थोरली घरी आक्काच्या छातीवर; सारिकेचे काढलेले दूध रोज जीपने तिला जाई. त्या वॉर्डात साऱ्या आया. त्यांच्यामध्ये एका खुर्चीत, सदरा खुंटीला टांगून, पाठ ताठ ठेवून, तात्या बसत. येणारेजाणारे वळून पाहत. तात्या नजर चुकवत नसत. फेट्याचा तुरा मिरवावा तसे त्यांनी ते टोपीवाले इवले डोके मिरवले.

सारिकेने फोनवर फोटो काढून आसामला पाठवला. भट्टीच्या तांबूस उजेडात संग्रामने तो पाहिला, आणि वडिलांना फोन केला.

"तात्या... तुम्ही?"

"व्हय. मीच," तात्या म्हणाले.

माघ सरला. घरी आलेल्या धाकटीला सिस्टरने झोळीत तोलले, काट्याकडे पाहिले, पुन्हा पाहिले. "चढली! सारिका, चढली! थोरलीला गाठायला निघालीय." आक्काने दोघींवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. फाल्गुनात, बांधावरचा पांगारा लाललाल पेटलेला असताना, बारसे झाले, आणि पाळण्यात दोन गुबगुबीत, आरडाओरडा करणाऱ्या नाती शेजारी शेजारी हातपाय झाडत होत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात सिस्टरची स्कूटर पुन्हा दारात थांबली. "तात्या, पलीकडच्या गावात तिळी झालीत. आई आहे, आजी आहे. बाप मात्र हात लावायला घाबरतो. येता का?"

तात्यांनी धुतलेला सदरा चढवला आणि ते सिस्टरच्या मागे स्कूटरवर बसले. पारावरची माणसे पाहत राहिली. तात्यांनी सगळ्यांना हात जोडून रामराम केला, मान उंच, मिशी झळझळती.

त्या घरातला बाप कोवळा होता, नुकता मिसरूड फुटल्यासारखा. भिंतीला चिकटून उभा. "मला न्हाई जमायचं, आजोबा. काई झालं तर? लई भ्या वाटतं."

"वाटू दे की," तात्या म्हणाले. "घाबरायचं आसंल तर बसून घाबर. सदरा काढ."

तो बसला. स्वच्छ धुतलेल्या, मळ्यात रापलेल्या, राकट बोटांनी तात्यांनी तिसरे बाळ उचलले, त्याच्या छातीवर टेकवले, मान वळवली, पाय दुमडले, कापड ओढून घेतले. ते दोन पावले मागे सरले आणि पाहत उभे राहिले.

कलत्या दुपारचे सोनेरी ऊन त्या चिंचोळ्या खोलीत शिरले होते. एका भिंतीशी आई, एका भिंतीशी आजी, आणि मधे तो पोरसवदा बाप, आधी ताठ, मग सैल, मग डोळे भरलेला. तीन छात्यांवर तीन टोप्या हळूहळू वर येत होत्या, खाली जात होत्या. वर येत होत्या, खाली जात होत्या.