टीव्हीतली प्रयागबाई

खडकदऱ्याची माजी सरपंच प्रयागबाई हिला टीव्हीत पहिल्यांदा ओळखलं ते तिच्या धाकट्या भावानं.

"आक्का, ही बाई पेरं मोजती बघ! तुझ्यावानी!" भागू खुर्चीवरून अर्धा उठला होता.

पडद्यावर दिल्लीतल्या कुठल्याशा काचेच्या कार्यालयात अचला मॅडम बसल्या होत्या. हेरखात्यातल्या या मॅडम बंदुकीला कधी हात लावत नसत. समोरच्या माणसांची नावं घेत त्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत, चष्मा काढून पदरानं पुसत आणि मग अगदी हळू आवाजात कुणाला तरी मरणाच्या तोंडी धाडून देत. ही हिंदी मालिका लिहिणाऱ्यांत भागूची मुलगी सोनल होती. पुण्याच्या विद्यापीठातून एम. ए. होऊन ती मुंबईला गेली, आणि आता सोमवार ते गुरुवार रात्री आठ वाजता तिचं नाव इंग्रजीत पडद्यावरून सरकत जाई. ते नाव बघायला भागू अंगण ओलांडून बहिणीच्या घरी येई. बहीणभावाच्या घरांमध्ये एकच अंगण होतं. विशीतच विधवा होऊन माहेरी परतलेल्या प्रयागबाईला बापानं अर्धं घर तोडून दिलं होतं.

गावाला चेष्टेला निमित्त मिळालं. घोडेगावच्या एसटी स्टँडवर कुणीही हटकावं, "काय अचला मॅडम, आज कुणाचा नंबर?" आणि प्रयागबाईनं "तुझाच की रं, भाड्या," म्हणून पुढं जावं. खरं सांगायचं तर तिला ते आवडतही होतं. पाच वर्षं सरपंचकी केलेल्या बाईला पद गेल्यावर कोण विचारतं?

पण २००६च्या जानेवारीतल्या एका मंगळवारी पुढच्या भागांची झलक दाखवली, आणि तिच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

एका लॉजचा काउंटर. फोन वाजतो. अचला मॅडम तो उचलतात. पलीकडून कोवळ्या मुलीचा आवाज येतो, "दादी पापा को बुला रही हैं. बस एक बार आ जाएँ." मॅडम शांतपणे फोन ठेवून देतात. मागून कुणी तरी विचारतं, कुणाचा होता? "राँग नंबर," मॅडम म्हणतात. आणि मोठ्या अक्षरांत: गुरुवारी.

भागू शेंगा सोलत होता. टरफलं ताटलीत टाकत तो म्हणाला, "लई हलकट बाई हाय राव ही. शेवटाला मरती का न्हाई?"

प्रयागबाईनं टीव्ही बंद केला. आधी तिच्या अंगातून आगीचा लोळ गेला. भीती वाटली ती भागू अंगण ओलांडून गेल्यावर. गुरुवार परवावर होता.

*

नऊ वर्षांपूर्वी खडकदऱ्याच्या ग्रामपंचायतीत नऊ सदस्य निवडून आले होते. पाच प्रयागबाईच्या बाजूचे, चार बाळासाहेबांच्या. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं आणि बाळासाहेबांनी आपल्या भावजयीला उभं केलं होतं. निवडीच्या दिवसापर्यंत आपली माणसं फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायची रीत तेव्हा गावोगाव पडली होती. प्रयागबाईनंही आपले सदस्य ट्रॅक्स गाडीत घालून गणपतीपुळ्याला नेले. पाचवा हात भागूचा होता. एक हात कमी पडला तर चार-चार होऊन चिठ्ठी टाकावी लागणार होती, आणि चिठ्ठीवर तिचा विश्वास नव्हता. वरच्या वाडीच्या बायका दोन डोंगर उतरून हंडा भरत होत्या. पाण्याची टाकी मंजूर होती. ती वरच्या वाडीला बांधायची की बाळासाहेबांच्या वस्तीला, एवढाच प्रश्न होता. लॉजवर कुणी फोनपाशी जायचं नाही, असा नियम तिनं घातला आणि काउंटरजवळच्या बाकड्यावर ती स्वतः ठाण मांडून बसली.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला फोन आला. म्हातारी आई तेव्हा धाकट्या बहिणीकडे, साळुबाईकडे, वारूळवाडीला होती. नारायणगावचा दवाखाना जवळ म्हणून. सोनलही तिथंच राहून कॉलेज करत होती. एसटीडी बूथमधून ती रडत म्हणाली, "आत्या, आजी बाबांना बोलावतेय. सारखं भागू आला का, भागू आला का, एवढंच विचारते. बाबांना लवकर पाठव."

भागू समुद्रावर होता. "सांगते," प्रयागबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सांगितलं नाही. आई अशी चार वेळा गेली होती आणि चार वेळा उठून चहा मागितला होता. आणि साळुबाईचा दीर बाळासाहेबांचा व्याही. भागू एकदा त्या घरात शिरला असता, तर अकराच्या बैठकीला त्याला कुणी बाहेर पडू दिलं नसतं. रात्री गाडी निघाली. सकाळी साडेआठला मंचर आलं. तिथं रस्ता फुटतो: डावीकडे घोडेगाव आणि खडकदरा, सरळ गेलं तर अर्ध्या तासावर नारायणगाव. प्रयागबाई ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिनं डावा हात दाखवला.

आई दहा वाजता गेली. अकराला भागूचा हात वर झाला. गुलाल उधळला जात असतानाच वारूळवाडीचा माणूस मोटारसायकलवरून आला. भागूनं आईला अग्नी दिला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्यांमागं गुलाल होता. लोक तिकडं बोट दाखवत होते. तो दगडानं पाळ्या घासत राहिला. तेव्हापासून कुणाच्याही लग्नात, मिरवणुकीत भागूनं गुलाल लावून घेतला नाही. लॉजचा फोन बंद होता, असं प्रयागबाईनं सगळ्यांना सांगितलं.

सगळ्यांना, सोनल सोडून. तेराव्याला तिनं सोनलला गोठ्यामागं नेलं. "बापाला कळालं तर तो जगायचा न्हाई. आन तुझं पुण्याचं शिक्षान मी बघती." त्या जूनमध्ये सोनल पुण्याला गेली. भागू मुलीला एकटीला पाठवायला तयार नव्हता. प्रयागबाईनंच त्याची समजूत घातली.

टाकी वरच्या वाडीला झाली.

*

बुधवारी सकाळी प्रयागबाईनं अंगणाच्या पार टोकाला जाऊन मोबाइल लावला.

"भवाने! घरातलं मेलेलं मानूस बाजारात मांडलंस!"

पलीकडून सोनल म्हणाली, "बघितलीस वाटतं झलक."

"काढून टाक ते."

"चित्रीकरण होऊन महिना झाला, आत्या. आता काही निघत नाही."

"तुला लाज वाटाया पायजे. मी न्हाई का तुझ्यासाठी भांडले? तुझा बाप चुलीपाशी बसवत व्हता तुला. पुन्याला कुनी धाडलं?"

"तू धाडलंस." सोनलचा आवाज आता चढला. "पण शिकायला धाडलंस की गावाबाहेर काढायला, हे मला अजून कळलेलं नाही. बाबा प्रत्येक दिवाळीला मला विचारतात, आजी शेवटी काय म्हणाली? आणि मी प्रत्येक दिवाळीला सांगते, काही नाही बोलली. नऊ वर्षं! मी एकोणीस वर्षांची होते, आत्या. तुझं खोटं तू माझ्या गळ्यात बांधलंस."

"मी कुनासाठी केलं ते? सोतासाठी? वरच्या वाडीला जाऊन इचार, कोन पानी पितंय!"

"माहीत आहे मला. म्हणून तर अचला मॅडम मूर्ख नाहीत, दुष्ट नाहीत. त्यांना सगळं देशासाठी करायचं असतं. आजचा आणि उद्याचा दिवस तुझ्याकडे आहे. तू सांग बाबांना. टीव्हीनं सांगण्याआधी."

"तू मला शिकवू नगं," प्रयागबाई म्हणाली आणि फोन बंद केला.

सांगायचं तिच्या मनात क्षणभरही आलं नाही. तिनं पेरं मोजली. भागूला वारूळवाडीला धाडावं? साळुबाईकडे टीव्ही होता. आजारपणाचं सोंग करावं? तो उशाशी बसून राहिला असता, आणि टीव्ही लावून. राहता राहिली वीज.

गुरुवारी दुपारी तिनं वायरमन संपतला ओसरीवर बोलावलं. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत दिवसातून किती वेळा वीज जाई याचा कुणी हिशेबच ठेवत नसे. आणखी अर्ध्या तासानं कुणाला संशय येणार नव्हता.

"संपत, आज आठ ते साडेआठ डीपीचा फ्यूज काढून ठिव."

संपत हसला. "का वो मॅडम? कुनाचा गेम हाय?"

"इचारलं तेवढं सांग. जमंल का?"

"जमायला काय झालं? पर प्रयागबाई, वरल्या वाडीची मोटार त्याच डीपीवर हाय. सातला चालू व्हती, नऊपर्यंत टाकी भरती. मधीच बंद पडली तर पुन्हा डोंगर चढून चालू कराया कोन जानार? उद्या सकाळी बाया कोरड्या ऱ्हातील."

प्रयागबाईनं चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला. आईला सोडलं ते ज्या टाकीसाठी, तीच टाकी आपलं पाप झाकायला कोरडी ठेवायची? हा विचार शब्दांत यायच्या आतच ती संपतवर खेकसली, "ऱ्हाऊ दे मग! निघ! उगा दात काढत बसू नगं!"

बिचारा संपत वहाणा हातात घेऊनच पळाला.

*

आठ वाजता भागू आला. धुतलेला सदरा घालून आला होता. गुरुवारी तो नेहमीच घाली, कारण गुरुवारी सोनलचं नाव सगळ्यांच्या आधी येई. "आज फोनचं दावत्यात न्हाई का?" म्हणत त्यानं खुर्ची पुढं ओढली.

प्रयागबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिचं ठरलं होतं. दगडासारखं बसायचं. टीव्हीतली बाई आहे, दिल्लीची आहे, हिंदी बोलते. लॉज काय जगात एकच असतो? भागू साधा माणूस. दोन शिव्या घालील आणि जेवायला जाईल.

लॉज आला. बाकडं आलं. सोनलनं बाकडंसुद्धा सोडलं नव्हतं. फोन वाजला, मुलगी रडली, मॅडमनी ऐकून घेतलं. बाहेर समुद्राचा आवाज होता. भागूच्या कपाळाला आठी पडली. मॅडमनी फोन ठेवला. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याजवळ, आणखी जवळ गेला, आणि ओठांचा एक कोपरा किंचित वर उचलला गेला. मागं संगीत घुमलं.

"खोटं हाय!" प्रयागबाई गुडघ्यांवर उठली. "साफ खोटं! हसले न्हवते मी!"

संगीत थांबलं. साबणाची जाहिरात लागली.

भागूनं मान वळवली. तो बहिणीकडे पाहत राहिला. एक एक गोष्ट त्याच्या मनात आपल्या जागी जाऊन बसत होती, आणि ती बसताना त्याच्या तोंडावर दिसत होती.

"फोन आलता?" त्यानं विचारलं.

तिनं चष्मा काढून पदराला लावला.

"आक्का. लॉजवर फोन आलता?"

"आलता."

"कवा?"

"आदल्या दिवशी. चारला." मग तिचा स्वर पुन्हा तापला, तो तापवल्याशिवाय तिला बोलताच आलं नसतं. "मला काय सपान पडलं व्हतं ती जानार म्हनून? चार वेळा तिनं आपल्याला असंच पळवलं व्हतं! माझी न्हवती का ती आई? तुझीच व्हती? मी बी न्हाई ना भेटले तिला!"

"काय म्हनत व्हती?"

"कोन?"

"आई. शबूद सांग."

प्रयागबाईनं पाहिलं तर भागूचा उजवा हात कानामागं गेला होता आणि पाळी चोळत होता.

"'भागू आला का.' एवढंच. सारखं."

"मंचरला आपन चहा बी घेतला न्हाई," भागू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "मी म्हनलं व्हतं थांबू. तू म्हनालीस उशीर व्हतोय."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला. आता तो ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडावं, हात उगारावा, म्हणजे आपल्यालाही ओरडता येईल. पण त्याचा आवाज मोठा झाला नाही, फक्त जाड झाला.

"हसली असतीस तर बरं व्हतं, आक्का. मी म्हनलो असतो, ही कुनी दुसरीच बाई हाय."

अंगणातून त्याची पावलं गेली. पलीकडचं दार लागलं, आणि मागोमाग कडी. त्या दोन घरांमध्ये संध्याकाळची कडी आजवर कधी लागली नव्हती.

जाहिराती संपून मालिका पुन्हा सुरू झाली. अचला मॅडम कुणाची तरी नावं घेत पेरं मोजत होत्या. प्रयागबाईनं उठून टीव्हीची पिनच उपटली. कोनाड्यात मोबाइल वाजायला लागला. पडद्यावर सोनलचं नाव होतं. पहिल्यांदा तिनं तो वाजून वाजून बंद होऊ दिला. तो पुन्हा वाजला.

तिनं उचलला.

"आत्या, बाबा आहेत का तिथं? त्यांनी बघितलं का? त्यांचा फोन लागत नाहीये."

"हाय की," प्रयागबाई म्हणाली. "घरात हाय. थांब. देते त्याला."

"राहू दे, उद्या करते मी..."

"थांब म्हनलं ना! ठिवू नगं."

मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून ती अनवाणी अंगण ओलांडून गेली. वरच्या वाडीकडून मोटारीची घरघर ऐकू येत होती. टाकी भरत होती. भागूच्या दाराशी उभी राहून तिनं कडी वाजवली.

"भागू, फोन हाय तुजा."

आत दिवा होता. कुणी हललं नाही.

"भागू," ती पुन्हा म्हणाली, "सोनलचा फोन हाय. तुलाच बोलवतीय."