लाल वर्तुळातला करंडा

मी करंडा बोलतोय. कुंकवाचा, चांदीचा, लिंबाएवढा. कदाचित तुम्ही मला टीव्हीवर पाहिलं असेल. माझ्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘गुप्त विवाहाचा पुरावा?’

माझा जन्म हुपरीचा. वैदेहीच्या आईने मला रुखवतात मांडलं आणि लग्नानंतर मी तिच्याबरोबर कोलकात्याला, डमडमच्या या फ्लॅटमध्ये आलो. वैदेही अबोल. तिच्यापेक्षा माझ्या झाकणाचा आवाज मोठा. तिच्या सासूबाई, कालिंदीबाई, रोज दुपारी नटनट्यांच्या भानगडींची बातमीपत्रं लावून भाजी निवडत. “बघ गं, हिचं पण मोडलं!” म्हणताना त्यांचा मटार हमखास खाली सांडे.

समोरच्या दारात राहायची श्रावस्ती. बांगला मालिकांतली नायिका. घटस्फोटाचा दावा चालू, आणि सोमवारी कोर्टात तिच्या लहानग्या लेकीच्या, झिनुकच्या ताब्याची सुनावणी. हे सगळं कालिंदीबाईंना टीव्हीवरूनच ठाऊक.

वैदेहीचं पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अंगावर हलव्याचे दागिने, हातात मी. तिने श्रावस्तीलाही बोलावलं होतं. श्रावस्ती उंच, नव्या नवरीला सोपं जावं म्हणून तिने मान खाली घातली, आणि वैदेहीची चिमूट कपाळाऐवजी भांगातच टेकली. दोघी हसल्या. श्रावस्ती वाण घेऊन तशीच दाराबाहेर पडली. जिन्यात कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं.

बंगालात भांगातलं कुंकू म्हणजे लग्न. संध्याकाळी सगळ्या चॅनलांवर तोच भांग, मागे दारात वैदेहीच्या हातातला मी.

“अगंबाई, आपला करंडा!” कालिंदीबाई हरखल्या. मग शब्द कानावर पडले. निवेदक ओरडत होता, घटस्फोटाआधीच दुसरं लग्न, अशा आईकडे मूल राहावं का?

“प्रश्नचिन्ह लावलं की काहीही बोलता येतं,” वैदेहीचा नवरा सलील म्हणाला. “तू दार उघडू नकोस. आपण बाहेरगावची माणसं.”

वैदेहीने मला मुठीत इतकं आवळलं, की माझं झाकण करकरलं. समोरच्या दारामागे झिनुक रडत होती.

सकाळी बेल वाजली. कॅमेरा, दिवे, आणि माईक घेतलेली एक तरतरीत वार्ताहर. “भाभीजी, बस दोन शब्द! आपण लाईव्ह आहोत. नवरा कोण होता?”

“वैदेही, आत ये,” सलील कुजबुजला.

“असू दे रे,” कालिंदीबाई पुटपुटल्या. त्यांनी पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज बंद केला होता.

वैदेहीने माझं झाकण उघडलं. “सांगते,” ती हिंदीत म्हणाली. “जरा मान खाली करा.”

बातमीच्या आशेने त्या बाईने मान वाकवली. वैदेहीने चिमूटभर कुंकू तिच्या भांगात टेकवलं.

“अभिनंदन. झालं तुमचं लग्न,” वैदेही म्हणाली. “आमच्याकडे काल सोसायटीतल्या सगळ्या बायकांची झाली. सासूबाईंचं तर दुसऱ्यांदा.”

कॅमेरावाला फिस्सकन हसला. वार्ताहराचा हात आधी भांगाकडे गेला, मग कानातल्या यंत्राकडे. दिवे विझले. चॅनलवर टूथपेस्टची जाहिरात लागली.

संध्याकाळी माझ्यावरचं वर्तुळ गायब झालं. माफी कुणी मागितली नाही. चॅनलांना दुसऱ्या एका नटीचा मोडलेला साखरपुडा मिळाला होता. सोमवारची सुनावणी झाली. झिनुक आईकडेच राहिली. पण श्रावस्ती आता तोंडाला ओढणी गुंडाळून जिना उतरते, आणि आमच्या दाराकडे बघत नाही.

कालिंदीबाईंनी मला कपाटात ठेवलं. “नको बाई, परत काहीतरी व्हायचं.” तिथे अंधारात मला भीती वाटायची ती एवढीच, की आता मी कायमचा पुरावाच राहणार.

शुक्रवारी दिवेलागणीला वैदेहीने मला बाहेर काढलं आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. पीपहोलमध्ये बराच वेळ एक डोळा थांबला. मग साखळीएवढं दार उघडलं.

“नको असेल तर नको,” वैदेही म्हणाली. “विचारायला आले.”

श्रावस्तीने वरच्या जिन्यात पाहिलं, खालच्या जिन्यात पाहिलं. मग साखळी काढली. या वेळी तिने मान वाकवली नाही. वैदेहीच चवड्यांवर उंच झाली, आणि तिची चिमूट नेमकी कपाळावर टेकली.

लोकहो, मला बघायचं तर असं बघा. माझ्याभोवती तेवढं वर्तुळ काढू नका.