ताईचं हसू

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी विनोदी कार्यक्रमाचा तयार भाग वाहिनीकडे गेला. साडेआठला तो दाखवायचा होता.

ध्वनी बसवणाऱ्यानं हेडफोन काढला आणि चहासाठी बाहेर आला. स्टुडिओत त्याला सगळे हशामास्तर म्हणत, कारण कार्यक्रमातला निम्मा हशा त्याच्या संगणकातून येई. त्याची पद्धत ठरलेली होती. विनोद संपला की उरणाऱ्या मोकळ्या जागेवर संकलक हिरवी खूण करून देई. मास्तर संवादांचा आवाज बंद करून, चित्राकडे न बघता, खुणेखुणेवर हशा टाकत जाई. विनोद ऐकत बसलं की हात जड होतो, असं तो म्हणे. खूण मोठी असली की आधी एकच ठरावीक हशा: एका बाईचं हसू, उचकीनं सुरू होणारं आणि शेवटी शिट्टीवर जाणारं. ते ऐकलं की बघणाऱ्यालाही हसू आवरत नसे. स्टुडिओत त्याचं नावच ‘शिट्टी’ पडलं होतं. ती कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं.

ती मास्तरच्या थोरल्या बहिणीची होती. कार्यक्रम नवा असताना ती एकदा प्रेक्षकांत येऊन बसली होती, तेव्हाची. घरी दर आठवड्याला त्या शिट्टीवरून एक खेळ चाले. शिट्टी ऐकू आली की जो आधी “आलं” म्हणेल तो जिंकला. बहुतेक वेळा बाबाच जिंकत.

चहाच्या टेबलाशी संकलक दोघा मदतनिसांना काहीतरी करून दाखवत होता. बोटं वाकडी, डोळे पांढरे, टाच फरशीवर आपटत.

“हे काय चाललंय?” मास्तरनं विचारलं.

“आजचा शेवटचा विनोद. तूच तर हशा टाकलास. दुकानातली काउंटरवरची बाई फीट येऊन पडते आणि मालक म्हणतो, ‘अरे, हिला कुणीतरी सायलेंटवर टाका, व्हायब्रेटवर गेलीये.’ आणि त्यावर तुझी शिट्टी. मेलो मी हसून.”

मास्तरनं कप तसाच खाली ठेवला.

ताई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. गेल्या महिन्यात तिला तिथंच फीट आली, गिऱ्हाइकांसमोर. मालकानं नोकरी ठेवली, पण ताईनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. उद्या सकाळी ती पुन्हा कामावर जाणार होती. “पडले तर पडले,” काल जेवताना ती म्हणाली होती, “जमीन काय पळून जातेय?” आई कितीतरी दिवसांनी हसली होती.

त्यानं निर्मातीला फोन लावला.

“बाई, शेवटच्या विनोदावरच्या हशात तडतड येतेय. बदलून पाठवतो.”

“मला नाही आली ऐकू.”

“मला येतेय.”

“कान आहेत की काय तुझे. बरं, पाठव. पण हशा दणदणीत हवा हं. विनोद तसा पडेलच आहे.”

“मग विनोदच काढला तर?”

“का रे?”

सांगायचं तर आत्ताच. पण ताईनं घरात सगळ्यांना बजावलं होतं, गावभर करू नका म्हणून.

“असंच.”

“असंच असेल तर राहू दे.”

तो आत जाऊन बसला. शेवटचा तुकडा उघडला, शिट्टी पुसली आणि पहिल्यांदाच संवादाचा आवाज चालू केला. नटी पडली. मालकाचं वाक्य झालं. मग नुसती शांतता, आणि लाकडी फळ्यांवर टाचेची ठकठक. बाजूला उभी असलेली गिऱ्हाइकं नुसती बघत होती.

मागे संकलक येऊन उभा राहिला होता. “ए, टाक काहीतरी लवकर. हे खरंच वाटायला लागलंय.”

“असंच असतं ते.”

“तुला काय माहीत?”

मास्तरनं दुसरे हशे काढले, एकेक ऐकला. कुणाचा घोगरा, कुणाचा लाजरा. प्रत्येक कुणाच्या तरी घरातला. एकही न टाकता त्यानं तुकडा तसाच पाठवून दिला.

वाहिनीतला माणूस फोनवर घाईत होता. “नवीन प्रत आलीये, पण जुनी आधीच चढवलीये. बदलायला सांगितलंय. कुठली लागते ते लागल्यावरच कळेल.”

कार्यक्रम सुरू झाला होता. मास्तरनं घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

“बाबा, टीव्ही बंद करा.”

“का? आज ताईच जिंकतेय. दोनदा ‘आलं’ म्हणाली. उद्याच्या कपड्यांना इस्त्री करून येऊन बसलीये. बोलतोस तिच्याशी?”

“नको. बाबा, ती जवळ आहे का?”

“शेजारीच आहे.”

“मग तुम्ही काही बोलू नका, फक्त ऐका. शेवटचं तिला बघू देऊ नका. काहीतरी कारण काढून आत न्या.”

“अरे, पण झालं काय?”

“सांगतो नंतर. आधी न्या.”

“थांब, लागलंच बघ शेवटचं. दुकान आहे,” बाबा म्हणाले. फोन त्यांच्या हातातच राहिला असावा. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग टाचेची ठकठक. मालकाचं वाक्य. मग नुसती ठकठक.

आणि फोनमधून ते हसू आलं. आधी उचकी, मग शेवटची शिट्टी.

हजारो हशे ओळखणाऱ्या मास्तरला एवढं एक कळेना, की ते टीव्हीतून आलं की खोलीतून.

तो थांबला. “आलं” कुणीच म्हणालं नाही. फोन अजून चालू होता.